अंडी, पेलेट आणि बफरचा कंट्रोल

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत रविवारच्या फोनवर आईचा एक प्रश्न ठरलेला असायचा, ‘अजून अंडीच फोडतेस का गं?’ मी म्हणायचे, हो. आठवड्याला चार डझन. आता पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, करून परत आल्यावर एमएस्सीची मुलं-मुली विचारतात, ‘मॅडम, डेव्हलपमेंटल बायॉलॉजीत यायचंय, तयारी काय करू?’ म्हणजे गर्भ कसा घडत जातो, याच्या अभ्यासात. त्यांना नेट परीक्षेच्या पुस्तकांची नावं कुणीही सांगेल. मी अंड्यांपासूनच सुरुवात करते.

पण त्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवू. ‘एक्स्प्रेशन’ या शब्दाला आमच्याकडे दोन अर्थ आहेत आणि नव्या माणसाची पहिल्याच लॅब मीटिंगमध्ये त्यावरून फजिती होते. गर्भावर काम करणारे ‘हे जनुक कुठे एक्स्प्रेस होतं?’ असं विचारतात, तेव्हा गर्भाच्या कुठल्या भागात, कितव्या तासाला ते चालू असतं, हे त्यांना हवं असतं. प्रोटीनवाले ‘एक्स्प्रेशन आलं का?’ म्हणतात, तेव्हा फ्लास्कमधल्या बॅक्टेरियांनी तुमचं प्रोटीन बनवलं का, एवढाच प्रश्न असतो. पाठ्यपुस्तकात दोन्हीकडे ‘अभिव्यक्ती’ छापलेलं असतं. लॅबमध्ये तो शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मला दोन्ही एक्स्प्रेशन्स करावी लागली, आणि त्याचं मूळ शंभर वर्षं जुनं आहे. १९२४ साली हिल्डे मांगोल्ड आणि हान्स श्पेमान यांचा जर्मनीतला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी न्यूटच्या, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या एका उभयचराच्या, गर्भाचा एक बारका तुकडा दुसऱ्या गर्भावर बसवला होता आणि तिथे चक्क दुसरा गर्भ आकाराला आला होता. तो तुकडा शेजारच्या पेशींना नेमकं काय सांगतो, हे कळायला पुढची जवळजवळ सत्तर वर्षं गेली. १९९२ मध्ये नॉगिन सापडलं, १९९४ मध्ये कॉर्डिन. गंमत अशी की ही प्रोटीन्स कुठला हुकूम सोडत नाहीत. बीएमपी नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला धरून अडवतात, आणि ते अडलं की त्वचा व्हायला निघालेल्या पेशी मज्जासंस्थेच्या वाटेला लागतात. (श्पेमानना १९३५ चं नोबेल मिळालं. मांगोल्ड बाई १९२४ सालीच अपघातात गेल्या होत्या. हे मी प्रत्येक बॅचला सांगते.) असं काही स्वतः दाखवायचं, तर गर्भ हाताळता आला पाहिजे आणि प्रोटीन शुद्ध स्वरूपात हातात असलं पाहिजे.

आता अंडी. किराणा दुकानातली चालत नाहीत, कारण त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो. फलित अंडी हॅचरीतून आणावी लागतात. आमचा हॅचरीवाला सहा महिन्यांनी एकदा न राहवून म्हणाला, ‘मॅडम, एवढी अंडी नेता, पिल्लू एक पण निघालं नाही का?’ मे महिन्यात अंडी दुपारी आणू नका. पुण्याच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतच ती वाढायला लागतात, मग सगळ्यांना एकाच वेळी इन्क्युबेटरमध्ये ठेवूनही एक गर्भ १६ तासांचा दिसतो नि दुसरा २४ तासांचा. म्हणून घड्याळावर विसंबायचं नाही, गर्भाकडे बघून टप्पा ठरवायचा. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या गर्भवाढीचे ४६ टप्पे चित्रांसकट मांडले. ती चित्रं झेरॉक्स करून मायक्रोस्कोपशेजारी चिकटवा. मोबाइलवर बघू म्हणाल, तर हात ओले असतात.

गर्भ अंड्याबाहेर वाढवायची आमच्याकडे जी पद्धत चालते ती डेनिस न्यू यांनी १९५५ साली दिलेली. पुण्याला ती परकी नाही. एडिंबरात गर्भशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भावरचं काम रुजवलं, त्यामुळे इथे अंडं फोडायचं कसं हे गुरूकडून शिष्याकडे आलेलं आहे. सलाइनच्या मोठ्या काचपात्रात अंडं फोडायचं. पांढरं बाजूला सारायचं, त्यातलं पातळ पांढरं वाटीत राखून ठेवायचं. पिवळ्या बलकावर एक तलम पडदा असतो, तो मध्यावर गोल कापून चिमट्याने हळूहळू सोलायचा. गर्भ त्याला चिकटून येतो. मग पडदा वॉच ग्लासवर (काचेच्या उथळ बशीवर) उलटा अंथरायचा, वर काचेची रिंग ठेवायची, कडा रिंगवर दुमडायच्या, आतलं पाणी काढून घ्यायचं आणि राखलेलं पातळ पांढरं पडद्याखाली सोडायचं. गर्भाला अन्न तेच. वाचायला दोन मिनिटं लागतात. मला पहिला धड गर्भ मिळायला तीन आठवडे लागले. पडदा फाटायचा, नाहीतर गर्भ बलकाबरोबर वाहून जायचा. आमच्या लॅबमधले मामा, ज्यांनी माझ्याआधीच्या सगळ्या बॅचेस पाहिल्या होत्या, मागे उभे राहून एकदा म्हणाले, ‘ताई, ओढू नका. तो सुटतो तेव्हा सोलायचा.’ त्या दिवसापासून जमलं. साधारण ३३ ते ३८ तासांच्या सुमाराला हृदयाची नळी थरथरायला लागते. रक्त अजून फिरत नसतं, तरी ती आपली चालू.

प्रोटीनचा स्वभाव याच्या अगदी उलट. ई. कोलाय हा बॅक्टेरिया वीस मिनिटांत दुप्पट होतो, सकाळी लावलं की संध्याकाळी जेल, म्हणजे प्रोटीन्स वजनानुसार पट्ट्यांत वेगळी करून दाखवणारा थर. म्हणून वाटतं, हे सोपं. जनुक प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या गोल कड्यात) घातलं, ते बीएल२१ या ई. कोलायच्या वाणात सोडलं, पेशी पुरेशा वाढल्यावर, म्हणजे ओडी ०.६ ला, जनुक चालू करणारं आयपीटीजी टाकलं, चार तासांनी पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केलं. वरचं पाणी म्हणजे सुपरनेटंट, खाली बसतं ते पेलेट. सगळे सांगतात, प्रोटीन सुपरनेटंटमध्ये असतं. मी तेच कॉलमवर, म्हणजे हवं ते प्रोटीन धरून ठेवणाऱ्या नळीवर, चढवायचे आणि पेलेट टाकून द्यायचे. अडीच महिने कॉलममधून काही आलं नाही. मी प्लाझ्मिड बदललं, प्रायमर बदलले, आयपीटीजीची नवी बाटली मागवली. शेवटी एका सीनियरने विचारलं, ‘पेलेट जेलवर चालवलंस का?’ चालवलं. डाग धुवून काढल्यावर बोटाएवढा जाड निळा पट्टा दिसला, नेमका हव्या त्या वजनाला. प्रोटीन पहिल्या दिवसापासून भरपूर बनत होतं. माझं प्रोटीन पेशीबाहेर स्रवणारं, घडीत राहायला त्याला डायसल्फाइड बंध लागतात; बॅक्टेरियाच्या आतल्या वातावरणात ते नीट बांधले जात नाहीत. मग घडी बिघडलेलं प्रोटीन गोळा होऊन तळाला बसतं. तापमान ३७ वरून १८ अंशांवर आणलं, आयपीटीजी दहापट कमी केलं, तरी फार फरक पडला नाही. तेव्हा पहिल्या आठवड्यातच सुपरनेटंट आणि पेलेट शेजारीशेजारी चालवून बघा. आता कॉम्प्युटर प्रोटीनचा आकार सांगतो, त्या कामाला २०२४ चं नोबेलही मिळालं; पण ते तुमच्या फ्लास्कमध्ये विरघळेल की तळ गाठेल, याची हमी मिळत नाही.

युरियात विरघळवून, पुन्हा घडी घालून थोडं प्रोटीन हाती लागलं. नको असलेली रसायनं काढायला डायलिसिसला ठेवलं की ते दुधासारखं फाटायचं, म्हणून मी कॉलममधून उतरलेलं तसंच गर्भाखाली सोडलं. दुसऱ्या दिवशी १४ पैकी ११ गर्भांची डोकी लहान, मेंदूची नळी उघडी. नुसतं सलाइन दिलेले गर्भ ठणठणीत. मी फोटो काढले, स्लाइड्स केल्या, मैत्रिणींना चहा पाजला. सोमवारी सरांनी फोटो बघितले आणि एवढंच विचारलं, ‘बफरचा कंट्रोल लावलास?’ कॉलमवरून प्रोटीन उतरवायला त्या बफरमध्ये, म्हणजे प्रोटीनच्या द्रावणात, २५० मिलिमोलर इमिडॅझोल हे रसायन होतं. गुरुवारी प्रोटीनशिवाय नुसतं बफर दिलं. तशीच लहान डोकी, तशीच उघडी नळी.

त्या रात्री मी घरी फोन केला नाही.

पुढे मानवी एचईके २९३ पेशींमध्ये तेच प्रोटीन बनवलं. त्या पेशी ते व्यवस्थित घडी घालून बाहेर सोडतात. उत्पादन बॅक्टेरियाच्या मानाने किरकोळ, खर्च अनेक पट, पण ते डायलिसिसमध्ये टिकलं आणि गर्भात खरंच काम करत होतं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यावर आहे. दुसऱ्या प्रकरणाची अर्धी पानं पेलेटची आहेत. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले.

गर्भात प्रोटीन कुठे आहे ते दाखवायला अँटिबॉडी वापरतात, त्याबद्दल एकच. बाजारातल्या बहुतेक उंदराच्या नाहीतर माणसाच्या प्रोटीनवर तपासलेल्या असतात. कोंबडीत त्या चालतील असं धरून चालू नका. आधी ब्लॉट करून, म्हणजे जेलवरच्या पट्ट्यांवर ती लावून, बघा, पट्टा एकच येतो का आणि योग्य वजनाला येतो का. दोन पट्टे आले तर गर्भ रंगवायची घाई नको.

पैशांचं बोलायला लोक लाजतात. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफला (तिच्या वरच्या टप्प्याला) ४२,०००, वर घरभाडं. कागदावर ठीक आहे. माझ्या वेळी ते एकदा सात महिने आलंच नाही. फाइल कुठल्या टेबलावर आहे हे शोधण्यात माझे काही गर्भ वाया गेले. किमान चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून या. टीआयएफआर, एनसीबीएस या संशोधन संस्थांकडे जायचं असेल तर त्यांची जेजीईबिल्स ही वेगळी परीक्षा असते, ती विसरू नका. आणि पीएच.डी. पाच वर्षांत होते असं घरी सांगू नका, साडेपाच-सहा सांगा.

उन्हाळी प्रोजेक्टसाठी मेल पाठवताना ‘मला संशोधनाची प्रचंड आवड आहे’ हे वाक्य काढून टाका. ते सगळ्यांच्याच मेलमध्ये असतं. त्या लॅबचा एक पेपर नीट वाचून, त्यातल्या एखाद्या आकृतीत कंट्रोल कोणता आहे ते कळलं नाही, असं लिहिलंत तर मी तरी उत्तर देते. आणि मे महिन्यात येणार असाल, तर अंडी आणायची पाळी कुणाची ते आधी विचारून घ्या. बहुधा तुमचीच असेल. सकाळी सातच्या आत हॅचरीत पोचा.