कपाशी माना टाकतेय? आधी खोड चिरून बघा

कपाशी सुकायला लागली की माणूस आधी मोटर चालू करायला धावतो. मीही धावायचे. आता आधी विळा घेते. सुकायला लागलेलं, पण अजून हिरवं असलेलं झाड मुळासकट उपटते, माती झटकते आणि बुंध्यापासून चार बोटं वर खोड उभं चिरते. मर रोग असला तर सालीखालच्या लाकडात तपकिरी-काळपट रेघा मुळाकडून वर चढलेल्या दिसतात. त्या पाणी वाहणाऱ्या नळ्या. फ्युजेरियम बुरशी मुळातून शिरते आणि त्याच तुंबवते, म्हणून जमीन ओली असूनही झाड तहानेनं मरतं. खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागतात तेव्हाच खोड बघितलेलं बरं.

रेघा नसतील तर घोटाळा वेगळा. मोठ्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस झाला आणि एकाएकी झाडं लोंबली, लाकूड मात्र पांढरं स्वच्छ, तर तो आकस्मिक मर; तिथे साचलेलं पाणी काढणं तातडीचं. झाड सहज उपटून आलं आणि मुळांची साल कुजून सुटत असेल तर मूळकुज.

रेघा चढलेलं झाड कुठल्याच आळवणीनं (मुळाशी औषधाचं पाणी ओतून) उठत नाही, त्यावर पैसे घालू नका. ते मुळांसकट काढून शेताबाहेर जाळा. बांधावर किंवा उकिरड्यात टाकलं तर शेणखतातून रोग परत शेतात येतो. या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

माझी चूक सांगते. रोग एका कोपऱ्यातच होता, आणि मी वखर तिथूनच सुरू करून सगळ्या रानात फिरवला. पुढच्या हंगामात वखर गेला त्याच दिशेनं झाडं सुकत गेली. आता तो कोपरा सगळ्यात शेवटी वखरते आणि पासेची, म्हणजे वखराच्या पात्याची, माती तिथेच खरवडून धुते. त्या कोपऱ्यातलं पाणीही दुसऱ्या सऱ्यांत जाऊ देत नाही.

खरी लढाई पेरणीच्या आधीची. सगळ्यात मोठा आधार मर-प्रतिकारक वाणाचा. रोग दिसलेल्या तुकड्यात तीन वर्षं कपाशी नको. ज्वारी किंवा मका घ्या. बुरशी संपत नाही, पण तिचा जोर उतरतो. बियाण्याला किलोमागे 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीशी लढणारी मित्रबुरशी) चोळा आणि त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावू नका. ते ट्रायकोडर्मालाही मारतं. जमिनीसाठी एकरी 1 किलो ट्रायकोडर्मा 20 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ओल्या पोत्याखाली आठ-दहा दिवस ठेवते. ढिगावर हिरवट बुरशी धरली की ओल असलेल्या मातीत टाकते. कोरड्या, तापलेल्या जमिनीत ते वाया जातं.

युरियाचा मारा टाळा, पालाश (पोटॅश) चुकवू नका. उपटलेल्या मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक किडे, आहेत. त्यांनी केलेल्या जखमांतून बुरशीला वाट मिळते आणि प्रतिकारक वाणही दगा देऊ शकतो, तेव्हा त्यांचा बंदोबस्तही सोबतच करायचा.

रोगट कोपऱ्याभोवती मी खुंट्या ठोकल्यात. दर हंगामात खुंट्यांच्या बाहेर किती झाडं सुकली ते मोजते आणि वहीत लिहिते.