कर्नल सेटिंगला 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येतंय? या चुका टाळा

लिनक्सवर सिसकंट्रोलने (sysctl, म्हणजे कर्नलच्या, लिनक्सच्या गाभ्याच्या, सेटिंग बदलायची कमांड) एखादी व्हॅल्यू बदलायला गेलं आणि 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' आलं की बरेच जण परमिशनच्याच मागे लागतात, सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) लावून बघतात, मशीन रीबूट करतात, आणि तासभर जातो. परमिशनचा एरर वेगळा असतो हो. हा २२ नंबरचा एरर, म्हणजे कर्नलने व्हॅल्यू वाचली आणि नाकारली, तेव्हा आधी व्हॅल्यूच तपासा.

बहुतेक वेळा आकड्याला काहीतरी चिकटलेलं असतं. '१०%' किंवा '६४एम' असं लिहिलं की झालं, कारण कर्नलला तिथे नुसता आकडा हवा असतो. नाहीतर रेंज चुकते. स्वॉपिनेस (मेमरीतला डेटा डिस्कवरच्या स्वॉपमध्ये किती सहज हलवायचा ते) आधी १०० पर्यंतच चालायचं, कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत चालतं, त्यामुळे नव्या मशीनवरची १५० वाली फाइल जुन्या मशीनवर टाकली की नकार ठरलेलाच. ओव्हरकमिट मेमरीला (असलेल्यापेक्षा जास्त मेमरी देऊ करायची का, ते ठरवणारं सेटिंग) ०, १, २ एवढंच चालतं. लोकल पोर्ट रेंजला (बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला वापरायचे पोर्ट नंबर) दोन आकडे लागतात, लहान आधी.

पण मला विचाराल तर एरर आला हे बरंच झालं, निदान कळलं तरी! जास्त त्रास गुपचूप घेतलेल्या व्हॅल्यूंचा होतो. स्वॉपिनेसला ६० ऐवजी ०६० लिहून बघा, पुढच्या शून्यामुळे कर्नल तो आकडा ऑक्टल (आठच्या पायाचा) धरतो आणि सेट होतात ४८, तक्रार काहीच नाही. डर्टी बाइट्स (डिस्कवर लिहायचा राहिलेला डेटा मेमरीत किती साचू द्यायचा ती मर्यादा, बाइट्समध्ये; डर्टी रेशो म्हणजे तीच टक्क्यांत) सेट केलं की डर्टी रेशो आपोआप ० होतो, कारण दोन्हीपैकी एकच चालू राहतं. ह्यूजपेजेस (मेमरीचे मोठे तुकडे) १०२४ मागितले आणि सलग मेमरी शिल्लक नसेल तर जेवढे जमतील तेवढेच मिळतात, कमांड मात्र १०२४ च छापते. म्हणून लिहिल्यावर तीच व्हॅल्यू परत वाचायची, प्रत्येक वेळी, कंटाळा न करता.

'नो सच फाइल' आलं तर व्हॅल्यूशी खेळत बसू नका, बहुतेक मॉड्यूलच (कर्नलला वेगळा जोडायचा भाग) लोड नसतं. नेटवर्क ब्रिजच्या सेटिंगला बीआर नेटफिल्टर (br_netfilter) हे मॉड्यूल आधी लोड करावं लागतं.

आणि कॉन्फिग फाइलमध्ये सेटिंगच्या नावाच्या आधी डॅश (-) दिसला तर तो काढून एकदा सगळ्या फाइली परत लोड करून बघा, त्या डॅशमुळे सेट न झाल्याचा एरर सरळ दुर्लक्षित होतो.