मुंबई-पुणे, पण जुन्या रस्त्याने

घाई नसेल तर पनवेलहून एक्सप्रेसवे सोडा आणि चौक, खोपोलीमार्गे जुना हायवे धरा. मॅपमध्ये नुसतं ‘पुणे’ टाकलंत तर तो तुम्हाला परत एक्सप्रेसवेवरच ढकलणार, म्हणून मध्ये खोपोली आणि लोणावळा हे थांबे टाकून ठेवा. खोपोलीनंतर घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा. चालक इथे नाणं टाकून पुढे जातात. सुट्टे पैसे हाताशी असू द्या. (यूपीआयच्या जमान्यात तेच नेमके नसतात!) वर थोडा पट्टा एक्सप्रेसवेला मिळतो, तिथे खंडाळा-लोणावळ्याचा फाटा चुकवू नका. पावसाळ्यात मात्र धुक्याआधी, उजेडातच घाट चढा.