तैवानमध्ये मिशनवर जाऊन चिनी शिकताय? या चुका टाळा

तैवानमध्ये काही महिने काढलेल्या कुणालाही ही जोडी ओळखीची असते. पांढरा शर्ट, छातीवर काळी नेमप्लेट, डोक्यावर हेल्मेट, सिग्नलला स्कूटरच्या गर्दीत दोन सायकली, आणि सिग्नल सुटेपर्यंत शेजारच्या स्कूटरवाल्याशी गप्पा सुरू. ही मॉर्मन चर्चची, म्हणजे चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सची मिशनरी मुलं. बरीचशी १८-१९ वर्षांची, युटा-आयडाहो बाजूची, काहींनी आयुष्यात पहिल्यांदाच अमेरिका सोडलेली असते. मुलं दोन वर्षांसाठी येतात, मुली दीड वर्षासाठी, पगार नाही, खर्च स्वतःच्या सेव्हिंगमधून किंवा घरच्यांकडून, आणि कुठल्या देशात जायचं हेही त्यांच्या हातात नसतं, चर्चकडून कळतं. चीनच्या मेनलँडमध्ये धर्मप्रचाराचं हे काम करायला परवानगी नाही, त्यामुळे ज्यांच्या वाट्याला मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषा येते त्यांतली बरीच मुलं तैवानला येतात. तैवानमध्ये पहिले चार मिशनरी १९५६ साली आले, म्हणजे इथल्या लोकांना ही सायकलवाली पोरं आता नवीन राहिलेली नाहीत.

मी त्या चर्चचा नाही. तैवानमधल्याच शिंचू शहरात नोकरीला आहे, इथे आपली मराठी मंडळीही बरीच आहेत, चिप कंपन्यांत आणि युनिव्हर्सिटीत पीएचडीला, आणि चिनी शिकताना आमची आणि या पोरांची वाट एकच असते, फक्त ती आमच्यापेक्षा दहापट वेगाने चालतात कारण त्यांना रोज अनोळखी माणसाशी बोलावंच लागतं. त्यामुळे त्यांच्या चुकाही लवकर दिसतात. खालचं सगळं मिशनवर येणाऱ्या पोरांसाठी लिहिलंय, पण पीएचडीला येणाऱ्यांनी वाचलं तरी तितकंच कामाचं आहे.

सगळ्यात मोठी चूक: बोलायची तयारी, ऐकायची नाही

ही मुलं युटातल्या प्रोव्होच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये काही आठवडे रोज तासन्‌तास चिनी शिकून येतात. तिथे धर्माचे धडे, प्रार्थना, स्वतःची ओळख हे सगळं घोटून घेतलेलं असतं. त्यामुळे विमानातून उतरल्या उतरल्या पश्चात्ताप, पुनरुत्थान असले भारी शब्द येतात पण नळ गळतोय, पोटात मुरडा येतोय, सायकलची चेन पडली हे सांगता येत नाही. बरं हे अजून चालेल. खरा घोळ पुढे आहे, समोरची मावशी उत्तर देते आणि ते उत्तर कळतच नाही, मग पोरगा हसून मान डोलावतो आणि पुढचं पाठ केलेलं वाक्य टाकतो. मावशीने सांगितलेलं असतं की गेल्या महिन्यात नवरा गेला. आणि हा आनंदी कुटुंबावरचा धडा सुरू करतो. असं झालं की ते दार कायमचं बंद, आणि ते बंद का झालं हेही पोराला कळत नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण तोच एक चालतो. कळलं नाही तर तिथल्या तिथे थांबायचं आणि सांगायचं, "थिंग पू तोंग", ऐकून कळलं नाही, परत सांगा ना. तैवानी माणूस याला अजिबात चिडत नाही, उलट हळू बोलतो, हाताने दाखवतो. दुसरं म्हणजे रोजच्या अभ्यासाचा जो तास मिळतो त्यातला निदान अर्धा ऐकण्यावर घालवा, आणि ज्यात तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तर मोठं येतं असं बोलणं मुद्दाम घडवून आणा. भाजीवालीला ही भाजी कशी करायची विचारा. न्हाव्याला त्याचं गाव विचारा.

आणि कचऱ्याची गाडी! तैवानमध्ये कचरा रस्त्यात ठेवून जाता येत नाही, गाणं वाजवत गाडी येते तेव्हा सगळी गल्ली पिशव्या घेऊन खाली उतरते, आणि गाडी यायच्या आधीची पाच-दहा मिनिटं सगळे नुसते उभे असतात. आमच्या गल्लीत एक उंच अमेरिकन पोरगा रोज संध्याकाळी बायकांच्या घोळक्यात पिशवी धरून उभा असायचा. त्याने "खरेदी करायचंय"साठीचा "माय" म्हटला की एक मावशी मोकळा हात वर उचलून हवेत खाली-वर असा खड्डा काढायची, कारण हा आवाज वरून खाली पाडून म्हणायचा आणि त्याचा अर्थ "विकायचंय" होतो. तो परत म्हणायचा, ती परत खड्डा काढायची, जमेपर्यंत सोडायची नाही, बाकीच्या बायका पण मान हलवून बरोबर-चूक सांगायच्या. कुठल्याही क्लासला पैसे देऊन हे मिळत नाही.

टोन "नंतर बघू" म्हणणं

टोन म्हणजे शब्दातला आवाजाचा चढउतार, तो बदलला की अर्थ बदलतो. मँडरिनमध्ये चार टोन आणि एक हलका. नवीन माणूस शब्द आधी पाठ करतो आणि टोन नंतर चिकटवू म्हणतो, आणि ते नंतर कधीच होत नाही. शब्द शिकतानाच टोनसकट शिका, टोन माहीत नसेल तर तो शब्द तुम्हाला येत नाही असंच धरा. इंग्लिश बोलणाऱ्या पोरांची आणखी एक सवय असते, प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी आवाज वर चढवायचा, त्यामुळे शेवटच्या शब्दाचा टोनच बदलून जातो आणि समोरचा गोंधळतो. हो-नाही उत्तराच्या प्रश्नासाठी चिनीत शेवटी "मा" लागतो, तेवढा पुरतो, आवाज चढवायची गरज नाही.

तिसरा टोन पुस्तकात खाली जाऊन वर येतो पण बोलताना बहुतेक वेळा तो नुसता खालीच राहतो, आणि दोन तिसरे टोन लागोपाठ आले की त्यातल्या आधीच्या शब्दाला दुसरा टोन लागतो. म्हणून सुटे शब्द घोटू नका, जोड्या घोटा. फोनवर रेकॉर्ड करा आणि तैवानी कंपॅनियनला, म्हणजे मिशनवरच्या जोडीदाराला ऐकवा.

इथे तैवानचा म्हणून एक वेगळा ताप आहे. पुस्तकातला "श" इथे बोलताना खूपदा "स" होतो. मग चार आणि दहा यांत फरक राहतो तो फक्त टोनचा, चार खाली पडतो आणि दहा वर चढतो. बाजारात भाव विचारताना हे नडतंच, म्हणून बोटं दाखवायची लाज बाळगू नका, दोन तर्जन्यांची फुली म्हणजे दहा, हे इथे सगळ्यांना कळतं.

मराठी वाचकांसाठी थोडं जास्तीचं. पीनयीन म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत, ती अक्षरं इंग्लिशसारखी वाचू नका, आपण तिथेच फसतो. रोमनमधला बी हा "प" आहे आणि पी हा श्वास सोडलेला "प्ह", तसंच क-ख, त-थ. आपल्याकडे हे आवाज आधीपासून वेगळे आहेत, आणि "चाक"मधला च आणि "चार"मधला च हे दोन्ही पण, जे वेगळे ऐकायला कितीतरी परदेशी लोकांना महिने लागतात. सरळ देवनागरीत लिहून घ्या, वर टोनची खूण करा.

अक्षरं टाळणं

बरीच मुलं पीनयीनवर बोलायला शिकतात आणि अक्षरांना हात लावत नाहीत. सुरुवातीला चालून जातं. मग सहा महिन्यांनी गाडी अडते, कारण नवीन शब्द फक्त कानावरच अवलंबून राहतात, मेसेज वाचता येत नाही, औषधाच्या पाकिटावरचं कळत नाही. त्यात तैवानमध्ये जुनी, पूर्ण, जास्त रेघांची अक्षरं चालतात, मेनलँडची सोपी केलेली नाहीत, आणि पाट्यांवरचं रोमन स्पेलिंगही कुठे जुन्या पद्धतीचं कुठे नव्या, एकाच रस्त्याची दोन स्पेलिंगं दिसतात.

यातून सुटायचं तर पहिल्या महिन्यात बोपोमोफो, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या तैवानी खुणा शिका. ३७ खुणा आहेत, तैवानची पोरं पहिलीत हेच शिकतात, आणि आपण बाराखडीत वाढलेलो असल्यामुळे आपल्याला तर फारच सोपं जातं. मग लहान मुलांची पुस्तकं वाचायला घ्या, त्यात प्रत्येक अक्षराशेजारी बोपोमोफो छापलेलं असतं. मुलांसाठीचा "क्वो-यू र-पाओ" हा पेपर १९४८ पासून निघतोय, त्यातही तसंच असतं. लायब्ररीत फुकट वाचायला मिळतो.

कंपॅनियनच्या मागे लपणं, आजीला मँडरिन येतंच असं धरणं

मिशनवर एकट्याने फिरायचं नसतं, जोडीदार कायम बरोबर. जोडीदार तैवानी मिळाला की लोकांना लॉटरी वाटते, आणि मग फोन तोच करतो, जेवण तोच मागवतो, पत्ता तोच विचारतो. दोन वर्षांचा मिशन तुमचा आणि चिनी मात्र जोडीदाराचंच सुधारत राहतं. कामं वाटून घ्या, दुकान आणि फोन नव्याकडे, कितीही वेळ लागू दे. दोघंही अमेरिकन असाल तर घरी चिनीतच बोलायचं हा नियम चर्चमध्येही सांगतात, पण रात्री थकल्यावर पाळणारे कमी. निदान जेवताना पाळा.

आणि दारात आलेली आजी काहीच बोलली नाही म्हणजे तिला तुमच्यात इंटरेस्ट नाही असं नसतं. तिची भाषा तैवानी होक्कियन असू शकते, दक्षिणेकडे तर जास्तच, आणि शिंचू काउंटी, म्याओली भागात हाक्का. तैपेईच्या मेट्रोत अनाउन्समेंट उगाच मँडरिन, तैवानी, हाक्का आणि इंग्लिश अशा चार भाषांत होत नाहीत. तैवानीतलं "ली हो" (नमस्कार) आणि "तो स्या" (धन्यवाद) एवढं आलं तरी आजीचा चेहरा बदलतो.

"नंतर बघू"ला होकार समजणं

तैवानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. "काय थ्येन पा", मग कधीतरी. "वेळ मिळाला की येतो." आपल्याकडे लग्नात भेटलेला नातेवाईक "या की एकदा घरी" म्हणतो तसंच ते, त्यात तारीख नसते. पण युटाहून आलेला पोरगा ते डायरीत लिहितो, रविवारी चर्चच्या दारात वाट बघत उभा राहतो, आणि कुणी येत नाही तेव्हा त्याला स्वतःचंच काहीतरी चुकलं असं वाटतं. फार वाईट वाटतं ते बघून. दिवस आणि वेळ विचारा. दोनदा गोलमोल उत्तर आलं की थांबा, परत परत मेसेज करू नका, त्या माणसाने तुम्हाला नीट आणि प्रेमाने नाही सांगितलेलं असतं.

चर्चमध्ये आठवड्याला फुकट इंग्लिश क्लास असतो तिथेही हेच लक्षात ठेवा. कुणी फक्त इंग्लिशसाठी आलं असेल तर त्याला फक्त इंग्लिश शिकवा, धर्माबद्दल बोलायचं असेल तर आधी स्पष्ट विचारा.

चहाचंही सांगतो. या चर्चमध्ये चहा, कॉफी, दारू वर्ज्य, ग्रीन टी आणि आइस टीसुद्धा नाही हे २०१९ मध्ये चर्चने परत स्पष्ट केलं, आणि तैवान म्हणजे तर चहाचं बेट. यजमानाने समोर कप ठेवल्यावर नुसतं "पू याओ", नको, म्हणून हात आडवा करू नका. दोन्ही हातांनी कप बाजूला घ्या, एका वाक्यात कारण सांगा आणि गरम पाणी मागा, ते प्रत्येक घरात असतंच. दुकानात तुंग-क्वा छा चालतं, नावात छा म्हणजे चहा असला तरी ते कोहळ्याचं सरबत आहे. दिवाणखान्यात पूर्वजांचं देवघर असेल तर त्यावर मत देऊ नका, त्यापेक्षा घराण्याची वंशावळ आहे का विचारा, या चर्चला वंशावळींचं वेड आहे आणि तैवानी घरांना अभिमान, दोघांना तासभर बोलायला विषय मिळतो.

एकटेपणा लपवणं

सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद, मधला सगळा दिवस ऊन, पाऊस, सायकल आणि नकार. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डेला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो, हे फार बरं झालं. पण बरीच मुलं त्या कॉलवर सगळं छान आहे एवढंच सांगतात. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल तर कंपॅनियनला आणि मिशन प्रेसिडेंटला, म्हणजे मिशनच्या प्रमुखाला सांगा, तुमच्यासाठी डॉक्टर, समुपदेशक यांची सोय होऊ शकते. आणि कुणी मुदतीआधी घरी परतलं तर त्याला का आलास असं विचारू नका. तब्येतीसाठी परत येणं ही हार नाही, आणि हे घरच्यांनी पोरगं निघायच्या आधीच त्याला सांगून ठेवावं.

परत गेल्यावर चिनी सहा महिन्यांत गंजायला लागतं, आणि ऐकणं आधी जातं. निघायच्या आधी गल्लीतल्या, क्लासमधल्या लोकांचे लाइन आयडी घ्या, लाइन हे आपल्या व्हॉट्सअ‍ॅपसारखं मेसेजिंग अ‍ॅप आहे, तैवानमध्ये सगळे त्यावरच असतात. टाइप करू नका, व्हॉइस मेसेज पाठवा आणि त्यांनाही व्हॉइसच पाठवायला सांगा. मावशी लोक लांबलचक पाठवतात.