वादात स्वभावाचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हे कसे ओळखावे

वाद झाला की ‘त्याचा स्वभावच तसा’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण स्वभाव बदलता येत नाही असे एकदा धरले की करण्यासारखे काहीच उरत नाही, म्हणून हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. आधी दोन-तीन आठवडे खटके कोणाशी, केव्हा आणि कशावरून उडतात, हे लिहून ठेवावे. ते सगळीकडे आणि सगळ्यांशी उडत असतील तर स्वभावाचा वाटा मोठा समजावा. मात्र एकाच बैठकीत किंवा एकाच वाटणीवरून उडत असतील, तर तिथे अधिकार कोणाकडे आहे आणि काय अपुरे पडते आहे, ते तपासावे. स्वतःच्या रागाचीही नोंद त्याच वहीत ठेवावी, कारण आपल्या रागाला आपण परिस्थितीचे कारण देतो आणि दुसऱ्याच्या रागाला स्वभावाचे.

परिस्थितीचे बळ किती असते, हे १९५४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी केलेल्या प्रयोगात दिसले. मुद्दाम निवडलेल्या, कोणतीही वर्तनसमस्या नसलेल्या २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावताच शिवीगाळ सुरू झाली आणि झेंडे जाळले गेले. नुसते एकत्र जेवायला बसवून वैर निवळले नाही. बंद पडलेला पाणीपुरवठा सुरू करण्यासारखी, दोन्ही गटांनी मिळूनच पार पडतील अशी कामे समोर आली तेव्हा ते ओसरू लागले. प्रयोगकर्त्यांनीच वैर पेटवले हा आक्षेप मला रास्त वाटतो, पण त्यातूनही परिस्थिती रचणाऱ्याची जबाबदारीच अधोरेखित होते. म्हणून दोन गटांत समेट घडवायचा असेल तर स्नेहभोजनाऐवजी दोघांनाही खरोखर गरजेचे असलेले काम शोधावे.

स्वभाव मात्र नाकारू नये. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. मुलाची उपजत प्रवृत्ती आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर बरेच अवलंबून असते, असे त्यांना आढळले. मोठ्यांनाही हे लागू पडते असे मला वाटते. बदल पचायला वेळ लागणाऱ्याला तो आधी कळवावा. चटकन भडकणाऱ्याशी चारचौघांत हिशेब काढू नये.

जिथे मारहाण किंवा धाक आहे, तिथे यातले काहीही करत बसू नये. आधी दुबळ्या बाजूला सुरक्षित ठिकाणी न्यावे.