पावसाळी पन्हाळा फेरीनंतर चेनची निगा
कोल्हापूरहून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या पन्हाळ्याला पावसात जाऊन आल्यावर सायकल नुसती पाण्याने धुऊन ठेवू नये. घाटातला बारीक चिखल तेलात मिसळला की चेनच्या पिना आणि रोलर यांच्यामध्ये तो पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. चेन डीग्रीझरने (तेलकट मळ काढणाऱ्या द्रावणाने) स्वच्छ करून पुसावी, पूर्ण वाळल्यावर प्रत्येक रोलरवर वेट ल्यूबचा (पावसात सहज न धुतल्या जाणाऱ्या वंगणाचा) एकेक थेंब सोडावा आणि काही मिनिटांनी बाहेरचे तेल कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे (नेमके हेच बहुतेक जण टाळतात), कारण वंगण हवे असते ते आत. बाहेरच्या तेलाला फक्त धूळ चिकटते. मागे ११ किंवा १२ चकत्या असलेल्या सायकलची चेन ०.५ टक्के ताणली गेल्याचे चेनची झीज मोजणाऱ्या मापकावर दिसताच बदलावी, अन्यथा तिच्यापेक्षा कितीतरी महाग असलेली कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) झिजते.