जुन्या ट्रॅक्टरचे टो-इन लावताना या चुका टाळा

ट्रॅक्टरचे स्टेअरिंग एका बाजूला ओढू लागले किंवा पुढचे टायर कडेने खाऊ लागले, की बहुतेक जण पाना घेऊन थेट टाय रॉडशी, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल पुढच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याशी, बसतात. गेली अनेक वर्षे मी हेच पाहत आलो आहे आणि टाय रॉड फिरवण्याआधीचा अर्धा तास वाचवण्याच्या या घाईतच नवे टायर एका हंगामात वाया जातात, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या ट्रॅक्टरवर चाकाचा उभा कल अ‍ॅक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. आपल्या हाती असते ते टो-इन, म्हणजे हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) उंचीवर मोजल्यास दोन चाकांमधले पुढचे अंतर मागच्या अंतरापेक्षा किंचित कमी ठेवणे. हा फरक बहुधा ३ ते ६ मिलिमीटरच्या आसपास असतो. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला आकडा मात्र अखेरचा मानावा.

पहिली चूक म्हणजे प्ले (सांध्यांतली ढिलाई) न काढता टो-इन लावणे. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळा द्यावा आणि चाक वरून व खालून धरून हलवावे. हब हलतो पण चाक ज्यावर फिरते तो स्टब अ‍ॅक्सल स्थिर राहतो, तर बेअरिंग ढिले आहे. चाकाबरोबर स्टब अ‍ॅक्सलही डुलतो, तर किंग पिनचे (चाक ज्या उभ्या खिळीवर वळते तिचे) बुश झिजले आहेत. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवावे आणि दुसरा हात टाय रॉड एंडवर (रॉडच्या टोकाच्या सांध्यावर) ठेवावा, कारण तिथला प्ले डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळतो. झिजलेल्या भागांवर टो-इन लावणे म्हणजे वाळूवर भिंत बांधणे होय: उभ्या ट्रॅक्टरवर माप बरोबर येते आणि पहिल्याच तासात चाके फाकतात.

दुसरी चूक मला स्वतःला महागात पडली आहे. एका ट्रॅक्टरवर मी पुढे व मागे टेप लावून ४ मिलिमीटर टो-इन मोजले आणि समाधानाने लॉक नट कसले. तरीही काही आठवड्यांत दोन्ही टायर आतल्या कडेने खाल्ले गेले. आतली कड झिजणे हे चाके पुढून फाकल्याचे लक्षण असल्याने मी पुन्हा मोजले, आणि पुन्हा ४ मिलिमीटरच आले. शेवटी जॅक लावून चाक हाताने फिरवले, तेव्हा रिमला बाक असल्याने टायर डुलताना दिसला. मी ज्या जागी टेप धरत होतो, तिथे तो बाकच फरक भरून काढत होता. तेव्हापासून मी दोन्ही टायरच्या मधल्या रेषेवर, समोरच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूची खूण करतो, अंतर मोजतो, मग ट्रॅक्टर पुढे ढकलून त्याच खुणा मागे हबच्या उंचीवर आल्या की दुसरे माप घेतो. दोन्ही मापे एकाच जागेची असल्याने रिमचा बाक त्यातून आपोआप वजा होतो. त्या ट्रॅक्टरवर असे मोजल्यावर चाके ८ मिलिमीटर फाकलेली निघाली.

चाके जॅकवर अधांतरी असताना घेतलेले माप निरुपयोगी आहे. ट्रॅक्टर स्वतःच्या वजनावर, सपाट जमिनीवर उभा हवा आणि मोजण्याआधी तो काही पावले पुढेच चालवलेला हवा, कारण मागे ढकलल्यास सांध्यांतली ढिलाई उलट्या बाजूला जाते. दोन्ही टायरमधली हवा सारखी असावी. अ‍ॅक्सलची रुंदी भोके बदलून वाढवली असेल, तर टो-इन नव्याने तपासल्याशिवाय कामाला जाऊ नये. दोन्ही बाजूंना स्वतंत्र टाय रॉड असलेल्या ट्रॅक्टरवर एकच रॉड फिरवण्याचा सोपा मार्ग मला मुळीच पसंत नाही, कारण त्याने माप जुळले तरी स्टेअरिंग मध्यावर राहत नाही; स्टेअरिंग मधोमध धरून दोन्ही रॉड सारखेच फिरवावेत.

एका टोकाला उलटे आटे असलेला रॉड कोणत्या दिशेने लांबतो, हे अर्धा फेरा फिरवून आधी पाहून घ्यावे आणि एंडचे पुरेसे आटे रॉडच्या आत राहिले आहेत याची खात्री करावी. लॉक नट कसताना रॉड थोडा सोबत फिरतोच, म्हणून मी एका पान्याने रॉड धरून दुसऱ्याने नट कसतो, ट्रॅक्टर चार पावले पुढे नेतो आणि खडूच्या खुणांवर टेप पुन्हा एकदा लावतो.